मोनोग्रॅप्टस युनिफॉर्मिस

ग्रॅप्टोलाइट या निर्वंश झालेल्या सागरी, वसाहती प्राण्यांची एक जीवाश्मरूप (शिळारूप अवशेषरूप) जाती. चेक पुराजीववैज्ञानिक आलॉइस प्रझिबिल यांनी १९४० मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. दांड्याची रुंदी, त्याच्या एका बाजूस असणाऱ्या कपांचा आकार व ठराविक लांबीतील कपांची संख्या यांवरून अशा जाती ओळखतात.

सिल्युरियन (१८३५) व डेव्होनियन (१८३९) ही कालनामे ब्रिटनमधील खडकांवरून देण्यात आली. तेथे सागरी सिल्युरियन थरांवर मुख्यत्वे नद्यांनी साचविलेला जुना तांबडा वालुकाश्म आहे. त्यात ग्रॅप्टोलाइट आढळत नाहीत. त्यामुळे सिल्युरियन कालाच्या अखेरीस ते निर्वंश झाले, असा समज रूढ झाला व ग्रॅप्टोलाइटयुक्त थर डेव्होनियन असू शकत नाहीत, असे मानले गेले. बोहीमियात मात्र सागरी निक्षेपण अखंड चालू होते. योआकिम बारांद यांनी तेथील हे सर्व थर सिल्युरियन ठरविले होते. पुढे इतर जीवाश्मांशी तुलना केल्यावर ग्रॅप्टोलाइट पूर्व डेव्होनियन कालातही अस्तित्वात होते, हे सिद्ध झाले. म्हणजे ब्रिटनमधील त्यांचा अभाव हा निर्वंशाचा नव्हे, तर बदललेल्या परिस्थितीचा निदर्शक होता.

१९७२ मध्ये माँट्रिऑल येथील आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत प्रागच्या नैर्ऋत्येस असलेल्या क्लोंक येथील २० क्रमांकाच्या थरात, या जातीच्या प्रथम आढळावरून, डेव्होनियनची तळसीमा (सु. ४२ कोटी वर्षांपूर्वीची) निश्चित झाली. आंतरराष्ट्रीय संमतीने अशा रीतीने ठरलेली ही पहिली कालसीमा होय.