हापशाच्या पोटातला पाइप

मंडळी, या शनिवारचा विषय आहे हापसा. हसू नका. सुट्टीत गावी गेल्यावर आपल्यातल्या बहुतेकांनी ज्याच्या दांड्याला लोंबकळून घेतलंय तोच तो: तीन पायांचा स्टँड, वर लोखंडी डबा, पुढे तोटी आणि मागे तो जड दांडा. सरकारी कागदात त्याचं नाव 'इंडिया मार्क २'. जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या हातपंपांपैकी हा एक, आणि त्याची पाळंमुळं आपल्या जालना-सोलापुरात आहेत हे फार जणांना ठाऊक नसतं.

या पंपावर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक जमिनीच्या वरच्या भागावर. दांडा, साखळी, बेअरिंग वगैरे. ते महत्त्वाचं आहेच, पण वाचत गेलो तसं मला वाटायला लागलं की खरी भानगड जमिनीखाली आहे. बोअरमध्ये सोडलेला पाइप किती जाडीचा घ्यायचा, ३२ मिलिमीटर की ६५? दिसायला फालतू प्रश्न. पण गावाचं पाणी बंद पडलं तर ते गाव चालू करणार की तालुक्याची गाडी, हे त्यावर ठरलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६६-६७ साली बिहार आणि उत्तर प्रदेशात दुष्काळ पडला तेव्हा युनिसेफने खडक फोडणारी ड्रिलिंग यंत्रं भारतात आणली. पाठोपाठ आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ. आपली जमीन म्हणजे बेसाल्ट, काळा पाषाण. आडाला पाणी नाही, विहीर आणखी खोल करायची तर सुरुंग, मजूर आणि महिने लागणार. याउलट दाबाच्या हवेवर चालणारं यंत्र एक-दोन दिवसांत बोअर मारून मोकळं. हा सोपा उपाय देशभर पसरला.

पण बोअरचं तोंड असतं जेमतेम चार ते सहा इंचांचं. त्यात पोहरा जात नाही. म्हणजे पंप हवाच. आणि तेव्हा मिळणारे पंप कसले, तर युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांवरच्या बिडाच्या पंपांच्या नकला. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार बादल्या काढणार, त्या हिशोबाने केलेलं डिझाइन. इकडे तोच पंप अख्ख्या वस्तीला दिला. पहाटेपासून रात्रीपर्यंत हंडे-कळश्यांची रांग, दांडा सतत चालू. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल यूजर अॅप्लिकेशन थेट प्रॉडक्शनमध्ये टाकून त्यावर शेकडो यूजर सोडले :-) व्हायचं तेच झालं. १९७०च्या दशकाच्या मध्यात युनिसेफने पाहणी केली तेव्हा साधारण पाऊण हातपंप बंद होते. चारातले तीन! खडक फोडून पाणी काढलं आणि वर बसवलेल्या बिडाच्या तुकड्याने घालवलं.

उत्तर मात्र आधीच सापडलेलं होतं, आणि तेही कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत नाही. जालन्यात आणि सोलापुरात ख्रिस्ती मिशनच्या मंडळींचे विहिरी-बोअर खोदण्याचे प्रकल्प चालत. पंप सारखे तुटतात म्हणून त्यांच्या वर्कशॉपमध्ये बीड सोडून वेल्डिंग केलेल्या पोलादाचे पंप बनवायला सुरुवात झाली. सोलापूरचा पंप तर एका स्वतःच शिकलेल्या मेकॅनिकने घडवला असं सांगतात. अनेक सांध्यांच्या ऐवजी एकच आस, त्याला बेअरिंग, आणि दांड्याच्या टोकाला सायकलसारखी साखळी. साखळी एका गोलाईवरून फिरते, त्यामुळे दांडा कसाही हलला तरी खालची सळई सरळच वर येते. वाकडी ओढली जात नाही, म्हणून काही तुटत नाही. युनिसेफने सोलापूरचा पंप पाया म्हणून घेतला, मद्रासच्या सरकारी रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीत नमुने बनले, कोईमतूरकडे चाचण्या झाल्या, १९७७-७८च्या सुमारास उत्पादन सुरू झालं आणि १९७९ साली आयएस ९३०१ हे मानक आलं. पेटंट कुणाचंच नाही. ड्रॉइंग घ्या आणि बनवा, फक्त मापं तीच ठेवा. ओपन सोर्स हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

असो. आता जमिनीखाली उतरू.

मार्क २ मध्ये ३२ मिमीचा जीआय पाइप वापरतात. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. तीन-तीन मीटरचे तुकडे, टोकांना आटे, सॉकेटने एकमेकांना जोडलेले. तळाला साडेत्रेसष्ट मिमी व्यासाचं सिलिंडर, त्यात वर-खाली होणारा दट्ट्या, खाली फूट व्हॉल्व्ह. पाइपाच्या आतून १२ मिमीची सळई दट्ट्यापर्यंत जाते. एका झटक्यात दट्ट्या १२५ मिमी सरकतो, म्हणजे गणिताने जवळपास ४०० मिलिलिटर पाणी.

जीआयच का? कारण तेव्हा तो तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळायचा, आणि पाइपाला आटे पाडणारी डाय कुठल्याही प्लंबरकडे असायची. प्लास्टिकचा पाइप हलका खरा, पण त्याचे सांधे सिमेंटिंगने चिकटवले की परत उघडत नाहीत, आणि हापशाचा पाइप तर पुनःपुन्हा उघडावा लागतो. शिवाय आत सळई घासते आणि दर झटक्याला पाइपावर ताण येतो-जातो. त्या काळात जीआय हीच शहाणी निवड होती असं माझं मत.

आणि ३२ मिमीच का? स्वस्त आणि हलका म्हणून. मध्यम दर्जाचा ३२ मिमी पाइप मीटरला सुमारे ३.१४ किलो भरतो, ६५ मिमीचा सुमारे साडेसहा. तीस मीटर खोल बोअर धरा. एकीकडे ९४ किलो लोखंड, दुसरीकडे १९५. म्हणजे दुप्पट वजन, आणि लोखंड विकत घ्यायचं किलोवर. लाखोंनी पंप बसवायचे असतील तर कुठलाही इंजिनियर ३२ मिमीवरच टिक करेल.

गोची इथे आहे. सिलिंडर आहे साडेत्रेसष्टचं आणि पाइप बत्तीसचा. म्हणजे दट्ट्या पाइपातून वर येऊच शकत नाही. तो खाली अडकलेलाच. आणि सगळ्यात आधी झिजतं काय, तर दट्ट्यावरचं चामड्याचं वायसर! ते बदलायला दहाच्या दहा पाइप एकेक करून वर काढायचे. ९४ किलो पाइप, २७ किलो सळया, फूट व्हॉल्व्ह नीट धरत असेल तर पाइपात अडकलेलं तीस लिटर पाणी, वर सिलिंडर. दीडशे किलोंच्या वर माल, जो हातातून सुटला तर थेट बोअरच्या तळाशी. त्यासाठी तिपाई, पकडी, चेन पाना आणि चार-पाच माणकरी माणसं लागतात. म्हणून १९७६ साली तमिळनाडूत जी तीन पायऱ्यांची व्यवस्था बसवली, म्हणजे गावात एक राखणदार, ब्लॉकला मेकॅनिक, जिल्ह्याला गाडीवालं पथक, तीच मार्क २ बरोबर देशभर गेली. राखणदाराने नट आवळायचे, ग्रीस लावायचं आणि पंप बंद पडला की कार्ड टाकायचं. मग वाट बघायची. दोन-चार रुपयांच्या वायसरसाठी बायका महिना-महिना लांबच्या विहिरीवर.

हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. १९८१ साली यूएनडीपी आणि जागतिक बँकेने हातपंपांचा मोठा चाचणी प्रकल्प सुरू केला. त्यात कोईमतूर भागात मार्क २ वर बरीच वर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. पहिला निष्कर्ष एकदम साधा: चामड्याऐवजी नायट्राइल रबराचं वायसर घाला. तेवढ्याने पाइप उपसण्याची वेळ खूप कमी येऊ लागली. मला हा या सगळ्या गोष्टीतला सर्वात आवडता भाग वाटतो. कुठलंही नवं मशीन नाही, नुसता एक पार्ट बदलला.

दुसरा निष्कर्ष म्हणजे मार्क ३. वरचं डोकं जवळपास तेच, पण पाइप ६५ मिमीचा. आता दट्ट्या आणि फूट व्हॉल्व्ह दोन्ही पाइपातूनच सळईला धरून वर येतात. पाइपाला हात लावायचा नाही. २७ किलो सळया आणि थोडासा माल, गावातली दोन-तीन माणसं साध्या पान्यांनी दुपारपर्यंत काम उरकतील. गावपातळीवर देखभाल ही कल्पना तेव्हा जगभर जोरात होती आणि मार्क ३ म्हणजे तिचंच भारतीय उत्तर. १९९१ साली त्याचंही मानक आलं.

मग आपल्या गावात मार्क ३ का दिसत नाही? कारण तेच १९५ किलो. पंप विकत घेणारं खातं पाइपाचे पैसे आज मोजतं. दुरुस्तीच्या गाडीचं डिझेल वेगळ्या हेडमधून जातं. आणि बंद पंपामुळे जो वेळ जातो तो गावातल्या बाईचा, तो कुठल्याच हेडमध्ये नाही. टेंडरमध्ये मार्क ३ महाग दिसला, गोडाऊनमध्ये मार्क २ चे पार्ट भरलेले होते, मेकॅनिकांना तेच येत होतं. नंतर ५० मिमीच्या पाइपाचा हलका प्रकारही काढला, पण बाजी मार्क २ नेच मारली. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी जिंकते, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

जीआयचा हट्ट मात्र देशाबाहेर नडला. मार्क २ आफ्रिकेत गेला. युगांडाने तर त्याचं स्वतःचं यू २ असं मानक केलं. पाण्याचा पीएच साडेसहाच्या खाली असेल तर जस्ताचा मुलामा टिकत नाही, तो गेला की लोखंड गंजतं आणि सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं. भात लाल होतो, कपडे डागाळतात, लोक पंप सोडून परत डबक्याकडे जातात. आटे गंजले की पाइप तुटून सगळं खाली पडतं. हे १९८०च्या दशकापासून माहीत होतं, तरी स्वस्त म्हणून जीआयच बसवत राहिले. शेवटी २०१६ साली युगांडाच्या पाणी मंत्रालयाने नव्या पंपांवर जीआय पाइप बसवणं थांबवलं. तिथे आता स्टेनलेस आणि प्लास्टिकचे पाइप येतायत, आणि आट्यांचे प्लास्टिक पाइप आता चांगले मिळतात हेही खरं.

एक गोष्ट मात्र माझ्या वरच्या सगळ्या हिशोबाला थोडा धक्का देते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात महिला समाख्या कार्यक्रमातून बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवली गेली. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक दलित वस्त्यांमधल्या. ज्यांच्या हातचं पाणी वरच्या जातींना चालायचं नाही त्याच आता त्यांच्या वस्तीतला पंप उघडून बसल्या. आणि तो पंप होता मार्क २. गावातल्या लोकांना जमणार नाही म्हणून ज्याच्यासाठी जिल्ह्याची गाडी ठेवली होती, तोच ३२ मिमीचा दीडशे किलोंचा माल त्या पकडी लावून, चेन पान्याने सॉकेट फिरवून, एकेक पाइप बाजूला काढत वर आणायच्या.