बाबागाडी

बाबागाडी म्हणजे तान्ह्या किंवा लहान मुलाला बसवून अथवा झोपवून नेण्यासाठी वापरली जाणारी, हाताने ढकलायची चाकांची गाडी होय. बोलीत तिला प्रॅम किंवा स्ट्रोलर असेही म्हणतात. चालायला शिकणाऱ्या मुलाने धरून चालावयाचा लाकडी पांगुळगाडा हा यापेक्षा वेगळा होय. संधिवात, पोलिओ, पक्षाघात, स्नायूंचे विकार किंवा मनगटाची दुखणी यांमुळे ज्या पालकांच्या हातांत ताकद कमी असते, त्यांना मूल कडेवर घेणे कठीण जाते. त्यामुळे घराबाहेर मुलाला स्वतः नेता येणे हे त्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी गाडीच्या योग्य निवडीवर अवलंबून असते.

== इतिहास ==
विल्यम केंट या इंग्लिश रचनाकाराने १७३३ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक गाडी तयार केली. ती बोकड किंवा लहान तट्टू ओढत असे. पुढे मागून ढकलण्याच्या गाड्या रूढ झाल्या. १८८९ मध्ये अमेरिकेतील विल्यम रिचर्डसन यांनी मुलाचे तोंड पालकाकडे किंवा समोर करता येईल अशा गाडीचे एकस्व घेतले. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी, अ‍ॅल्युमिनियमची हलकी गाडी तयार केली. तिचे वजन सुमारे २.७ किलो होते.

== ढकलण्यास लागणारे बळ ==
गाडी ढकलण्यासाठी लागणारे बळ एकूण वजन, चाकांचा व्यास, जमिनीचा पृष्ठभाग आणि चढ यांवर अवलंबून असते. १० किलोची गाडी आणि १० किलोचे मूल धरल्यास गुळगुळीत फरशीवर काहीशे ग्रॅम वजनाएवढे बळ पुरते. १२ फूट लांबीत १ फूट चढणाऱ्या उतरंडीवर त्यात सुमारे १.७ किलोची भर पडते. उतरताना जवळजवळ तेवढ्याच जोराने गाडी मागे धरून ठेवावी लागते. याच मुलासाठी ६ किलोची गाडी घेतली, तर चढावर लागणारे बळ सुमारे ०.३ किलोनेच कमी होते. मऊ माती, वाळू किंवा खडीवर मात्र चाके रुतल्याने लागणारे बळ अनेक पटींनी वाढते. म्हणून ढकलण्यासाठी चाके, तर उचलण्यासाठी वजन अधिक महत्त्वाचे ठरते.

== हातांत कमी ताकद असलेल्या पालकांसाठी निवड ==
* '''चाके''' : मोठ्या व्यासाची चाके खड्डे व उंबरठे सहज ओलांडतात. पुढची चाके फिरती असल्यास वळण घेणे सोपे जाते. खडबडीत रस्त्यावर ती सरळ स्थितीत अडकवता यावीत.
* '''मूठ''' : दोन स्वतंत्र मुठींपेक्षा सलग आडवा दांडा सोयीचा असतो. त्यावर एका हाताने किंवा दोन्ही पुढच्या बाहू टेकवून गाडी ढकलता येते. दांड्याची उंची कमीजास्त करता येणे आवश्यक आहे.
* '''ब्रेक''' : पायाने दाबून लागणारा व पायानेच सुटणारा ब्रेक हातांवर ताण येऊ देत नाही.
* '''पट्टा''' : खांदे, कंबर व मांड्यांमध्ये अडकणारा पाच टोकांचा पट्टा सर्वांत सुरक्षित मानला जातो. त्याचे बक्कल दाबण्यास बोटांची ताकद लागते; चुंबकीय बक्कल तुलनेने सोपे असते.
* '''घडी''' : एका हाताने मिटणारी आणि मिटल्यावर स्वतः उभी राहणारी गाडी वाकण्याचे व उचलण्याचे कष्ट वाचवते.
* '''आसन''' : आसन उंच असल्यास मुलाला ठेवताना व काढताना कमी वाकावे लागते. मान न धरणाऱ्या बाळासाठी ते पूर्ण आडवे होणे आवश्यक असते.

नव्या मातांमध्ये मूल वारंवार उचलल्याने अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखण्याचा डी क्वेर्वेन हा विकार आढळतो. अशा वेळी मनगट वाकवून घट्ट पकडावी लागणारी मूठ टाळणे हितावह असते. खरेदीपूर्वी गाडीत मुलाच्या वजनाएवढे सामान ठेवून ती ढकलणे, वळवणे, ब्रेक लावणे व मिटणे या सर्व क्रिया स्वतः करून पाहणे उपयुक्त असते. दुर्बलतेचे स्वरूप गंभीर असल्यास व्यवसायोपचार किंवा भौतिकोपचार तज्ज्ञाचा सल्ला घेतला जातो.

== सुरक्षितता ==
दांड्याला जड पिशवी अडकवल्यास, विशेषतः हलकी गाडी, मागे कलंडू शकते. सामान आसनाखालील टोपलीत ठेवले जाते. पकड कमकुवत असल्यास दांडा व मनगट यांना जोडणारा पट्टा उतारावर गाडी हातातून सुटू देत नाही. मात्र हा पट्टा ब्रेकची जागा घेऊ शकत नाही. थांबताना प्रत्येक वेळी ब्रेक लावणे आवश्यक असते. उन्हापासून संरक्षणासाठी गाडीवर कापड पूर्ण झाकल्यास हवा खेळत नाही आणि आतील तापमान वाढते.

== यवतमाळ जिल्ह्यातील वापर ==
विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात ही माती चाकांना चिकटते. चाक व चौकट यांतील फट अरुंद असल्यास ती तेथे दाटून चाक फिरेनासे होते. बाभळीच्या काट्यांनी हवेची चाके पंक्चर होऊ शकतात. त्यामुळे गावरस्त्यांवर मोठ्या व्यासाची, भरीव किंवा फोम भरलेली चाके अधिक उपयोगी पडतात. यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या शहरांतील डांबरी रस्त्यांवर लहान चाकांची हलकी गाडीही चालते. एसटीच्या उंच पायऱ्या चढताना मूल आणि गाडी एकाच वेळी उचलणे कमकुवत हातांना शक्य नसते. म्हणून नियमित बसप्रवास करणाऱ्यांना झटपट मिटणारी हलकी गाडी व सोबतीची मदत या दोन्हींची गरज पडते. उन्हाळ्यात जिल्ह्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने मोठे छत आणि जाळीदार पाठ असलेली गाडी सोयीची ठरते, तसेच दुपारी मुलाला बाहेर नेणे टाळले जाते.

== हेही पाहा ==
* पांगुळगाडा
* पाळणा
* चाकाची खुर्ची
* यवतमाळ जिल्हा