पाच महिन्यांचे पोप : पाचवे सेलेस्टीन

कॅथलिक चर्चचे सर्वोच्च पद तहहयात असते, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र तेराव्या शतकात पाचवे सेलेस्टीन यांनी अवघ्या पाच महिन्यांत या पदाचा स्वेच्छेने त्याग केला.

त्यांचे मूळ नाव पिएत्रो. दक्षिण इटलीतील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले पिएत्रो तरुणपणीच बेनेडिक्टाइन संन्यासी झाले. सुल्मोना गावाजवळील मोरोने पर्वतावर गुहेत राहून त्यांनी कठोर तपश्चर्या केली. त्यांच्याभोवती जमलेल्या शिष्यांतून पुढे सेलेस्टीन संन्यासी संघ उभा राहिला.

चौथे निकोलस यांचे एप्रिल १२९२ मध्ये निधन झाले. कार्डिनल मंडळातील गटबाजीमुळे सव्वादोन वर्षे नव्या पोपची निवड होऊ शकली नाही. या दिरंगाईमुळे ईश्वरी कोप होईल, असा इशारा देणारे पत्र पिएत्रो यांनी पाठवल्याचे सांगितले जाते. अखेर ५ जुलै १२९४ रोजी पेरूजा येथे कार्डिनलांनी त्यांचीच निवड केली. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. लाक्विला येथे ते गाढवावर बसून आले आणि २९ ऑगस्टला तेथील कोल्लेमाज्जो चर्चमध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला.

कारभाराचा अनुभव नसलेले हे वृद्ध तपस्वी लवकरच नेपल्सचा राजा दुसरा चार्ल्स याच्या प्रभावाखाली गेले. रोमला न जाता ते नेपल्समध्येच राहिले. त्यांनी नेमलेल्या बारा कार्डिनलांपैकी सात फ्रेंच होते. एकच पद अनेकांना बहाल केल्याने गोंधळ वाढला. तथापि, पोपच्या निवडीसाठी कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा १२७४ चा नियम त्यांनी पुन्हा लागू केला, हे त्यांचे टिकाऊ कार्य होय.

पोपला राजीनामा देता येतो का, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. सेलेस्टीन यांनी कायदेपंडित कार्डिनल बेनेदेत्तो काएतानी यांचा सल्ला घेतला, तसा अधिकार असल्याचे फर्मान काढले आणि १३ डिसेंबर १२९४ रोजी पदत्याग केला. अकरा दिवसांनी काएतानी हेच आठवे बोनिफेस या नावाने पोप झाले.

पिएत्रो यांना पुन्हा एकांतवास हवा होता. पण विरोधक त्यांना पुढे करतील, अशी भीती बोनिफेस यांना वाटत होती. पळून जाण्याचा पिएत्रो यांचा प्रयत्न फसला. फुमोने येथील किल्ल्यात त्यांना ठेवण्यात आले व १९ मे १२९६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. १३१३ मध्ये त्यांना संतपद मिळाले. दान्तेच्या महाकाव्यात नरकाच्या दारी दिसणारी, भ्याडपणाने ‘महान नकार’ देणारी निनावी व्यक्ती म्हणजे सेलेस्टीनच, असे अनेक भाष्यकार मानतात.

पोपच्या राजीनाम्याचा अधिकार मात्र बोनिफेस यांनीच १२९८ च्या धर्मसंहितेत समाविष्ट केला. एप्रिल २००९ मध्ये लाक्विलातील भूकंपानंतर सोळावे बेनेडिक्ट यांनी सेलेस्टीन यांच्या अवशेषांवर आपले पोपपदाचे वस्त्र अर्पण केले. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःही राजीनामा दिला.