झिजलेल्या नाकाची साक्ष

पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, योरुबा नावाचे लोक राहतात. जुळ्या मुलांचे प्रमाण त्यांच्यात जितके आढळते तितके जगात क्वचितच कोठे आढळत असेल. आधी जन्मलेल्याचे नाव तायवो, मागून आलेल्याचे केहिंदे. आणि गंमत अशी, की थोरलेपणाचा मान केहिंदेकडे! जग कसे काय आहे ते पाहून ये, म्हणून त्यानेच तायवोला पुढे धाडले, अशी त्या लोकांची समजूत. दोघांचा जीव एकमेकांत गुंतलेला. म्हणून एक दगावला की दुसऱ्याचीही धास्ती वाटे. मग आई दैवज्ञाकडे जाई आणि त्याच्या सांगण्यावरून कारागिराकडून वीतभर उंचीची एक लाकडी मूर्ती करवून घेई. हीच 'एरे इबेजी'.

आई त्या मूर्तीला न्हाऊमाखू घाली, तिच्या ओठांना घास लावी, तांबड्या लाकडाची भुकटी अंगाला चोळी, केसांना निळीचा रंग देई. असे वर्षानुवर्षे चाले. सहाण झिजावी तसे नाकडोळे झिजत आणि चेहरा गुळगुळीत होऊन जाई.

वाचकहो, या झिजलेल्या नाकालाच पुढे बाजारात किंमत आली. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळी 'जुनी, खरी' मूर्ती मागू लागली, आणि मागणी तेथे पुरवठा या न्यायाने नव्या मूर्तींना म्हातारपण आणण्याचा धंदा सुरू झाला. कोणी मूर्ती धुरात टांगतो, कोणी वाळवीच्या मातीत पुरतो, कोणी पोटॅशियम परमँगनेटने काळवंडतो.

मग पारख करायची कशी? जाणकार प्रथम झीज पाहतो. हात जेथे पोचतो तेथेच लाकूड झिजते. कानामागे, काखेत, बोटांच्या खाचांत वाकसाचे आणि सुरीचे घाव शाबूत राहतात, तांबडी भुकटी तेथेच साठते. लबाडाचा पॉलिश-कागद मात्र सगळीकडे सारखाच फिरतो. नंतर तो भेगा पाहतो. जुनी भेग आतूनही काळवंडलेली असते; ताज्या भेगेत कोरे लाकूड दिसते.

पण झीज म्हणजे वय नव्हे. वीस-तीस वर्षे रोज हाताळलेली मूर्ती कोपऱ्यात शंभर वर्षे पडून राहिलेल्या मूर्तीहून म्हातारी दिसू शकते. अशा वेळी शास्त्राकडे धाव घ्यावी, तर तेथेही पेच आहे. विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास कार्बन-१४ ची कालमापन पद्धती सिद्ध केली आणि १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु साधारण १६५० ते १९५० या तीनशे वर्षांतल्या लाकडाविषयी ही पद्धती एका प्रश्नाला अनेक उत्तरे देते. शिवाय ती लाकडाचे वय सांगते, कोरीव कामाचे नव्हे. जुन्या खांबातून काल कोरलेली मूर्ती तिला फसवू शकते. एका बाबतीत मात्र ती पक्की आहे. १९५० नंतरच्या दशकात झालेल्या अणुस्फोटांनी हवेतला कार्बन-१४ इतका वाढला, की १९५५ नंतर वाढलेले लाकूड लगेच ओळखू येते. विनाशाच्या अस्त्राने लबाडी पकडावी, हा दैवाचा खेळच म्हणायचा!

'अस्सल' या शब्दाचाही अर्थ सर्वत्र एक नाही. काँगोतील कूबा राज्यात राजांच्या 'न्दोप' नावाच्या काष्ठमूर्ती होत. सतराव्या शतकातील श्याम राजाची अशी मूर्ती १९०९ साली ब्रिटिश म्युझियममध्ये दाखल झाली. अभ्यासक मात्र ती अठराव्या शतकाच्या अखेरची मानतात. म्हणजे ती खोटी काय? मुळीच नव्हे. मूर्ती किडली की तशीच दुसरी घडवावी, अशी तेथील रीतच होती.

आणि मूर्ती अस्सल ठरली, की खरा अवघड प्रश्न पुढे येतो: ती येथे आली कशी? कॅमेरूनमधील कोम राज्याची 'अफो-अ-कोम' ही मण्यांनी मढवलेली मूर्ती १९६६ साली चोरीस गेली. १९७३ साली अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात ती ओळखली गेली, बोभाटा झाला आणि त्याच वर्षअखेर ती स्वगृही परतली. तिच्या अस्सलपणाची ग्वाही तिच्यावाचून सुन्या झालेल्या लोकांनीच दिली होती.

विसाव्या शतकात योरुबांच्या कित्येक घरांत लाकडी इबेजीच्या जागी बाजारातली प्लॅस्टिकची बाहुली आली. संग्राहक तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण गेलेल्या लेकराच्या नावाने आईने तिलाही तसेच जपले. लाकडाचे वय पारख्याने सांगावे. ती मूर्ती कोणाची, हे मात्र त्या आईलाच विचारले पाहिजे.