सही कुणाची?

बाबा बँकेत कॅशियर होते. निम्मं आयुष्य सह्या जुळवण्यात गेलं. चेकवरची एखादी वेलांटी जरा वेगळी वळली तरी खातेदाराला काउंटरवर पुन्हा सही करायला लावायचे. गेल्या जूनमध्ये ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर त्यांच्या जागी मी सही केली. डिमेन्शियाचं निदान होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी 'मुलगा' लिहिलं. कुणी काही विचारलं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे साध्या सर्व्हरवर लॉगिन करायचं तरी परवानगी कुणी दिली, कधी दिली, याची नोंद लागते. म्हणून त्या रात्री कँटीनमध्ये बसून फोनवर शोधायला लागलो: हा अधिकार मला दिला कुणी?

शोध फार मागे गेला. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर दाखल झाल्या. डॉ. अलोईस अल्झायमर त्यांना रोज प्रश्न विचारत आणि उत्तरं लिहून घेत. नाव लिहायला सांगितलं, तर 'श्रीमती' एवढं लिहून पुढचं त्या विसरल्या. १९०६ मध्ये त्या वारल्या, मेंदू म्युनिकला अल्झायमरकडे तपासायला गेला, आणि पुढे आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. ऑगस्टेबाईंची फाईल १९९५ मध्ये पुन्हा सापडली. स्वतःची सही न करता आलेल्या बाईच्या शरीराबद्दलचे सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतले, तेव्हापासून हा प्रश्न या आजाराला चिकटलेलाच आहे.

काका म्हणाले, "वेळेत कुलमुखत्यारपत्र करून घ्यायला हवं होतं." मलाही तसंच वाटायचं. पण १८७२ चा भारतीय करार कायदा वाचला आणि हसू आलं. त्याच्या २०१ व्या कलमानुसार, अधिकार देणाऱ्याचं मानसिक संतुलन ढळलं की दिलेला अधिकार संपतो. म्हणजे मूळ सर्व्हर बंद पडला की त्याच क्षणी बॅकअपही बंद! व्यापाऱ्यांच्या अडत्यांसाठी केलेला नियम आहे, तिथे तो बरोबरही असेल. इंग्लंडने १९८५ मध्ये वेगळा कायदा करून ही फट बुजवली. आपल्याकडे ती तशीच आहे.

१९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टमध्ये माणसाचा पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमायची सोय होती, जिल्हा न्यायालयातून. भाषा भयंकर, 'ल्युनॅटिक' वगैरे. १९८७ च्या कायद्याने शब्द बदलले, सोय ठेवली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा खरोखर पुढचा आहे: रुग्ण निर्णय घेऊ शकतो असंच आधी धरायचं, त्याने आधी लेखी सूचना द्यायच्या, स्वतःचा प्रतिनिधी निवडायचा. पण तो मानसिक उपचारांपुरता. खुब्याच्या हाडाचं काय? आणि जुनी पालक नेमायची सोय या कायद्यात उरलीच नाही. म्हणून बेशुद्ध किंवा स्मृती गेलेल्या माणसांचे नातेवाईक उच्च न्यायालयात रिट अर्ज घेऊन जातात. वॉर्डाबाहेर रात्री अकरा वाजता कुणी रिट करत नाही. तिथे चालते ती रूढी: जो समोर उभा आहे, त्याची सही.

या रूढीला सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एकदा फटकारलं. समीरा कोहली खटल्यात रुग्ण बाई भुलेखाली असताना, फक्त तपासणी ठरलेली असूनही, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं, सज्ञान, सक्षम बाई थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती, तिलाच विचारायला हवं होतं. बाबा शुद्धीवर येणार नव्हते. म्हणजे होते, पण त्या अर्थाने नाही.

मग अरुणा शानबाग. ही गोष्ट मला ऐकून माहीत होती. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका. १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला, आणि २०१५ मध्ये वारेपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. पिंकी विराणींनी त्यांचे उपचार थांबवण्यासाठी याचिका केली. २०११ च्या निकालातली इच्छामरणाची चर्चा सगळ्यांना आठवते. मला थांबवलं ते वेगळ्या मुद्द्याने: अरुणाच्या वतीने बोलायचं कुणी? न्यायालयाने सांगितलं, केईएमच्या कर्मचाऱ्यांनी. रक्ताचं नातं नाही, लेखी कागद नाही. ३७ वर्षं भरवलं, धुतलं-पुसलं, कूस बदलली, एवढाच त्यांचा हक्क. आणि त्यांना अरुणा जगायला हवी होती.

हे वाचलं तेव्हा आई वर वॉर्डात बाबांना पेज भरवत होती.

चार वर्षं आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं तिनेच केलं. मी पुण्याहून महिन्यातून दोनदा यायचो. तरी डॉक्टरांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला, कारण मुलगा, आणि इन्शुरन्सचं कार्डही माझ्या खिशात. ऑपरेशन केलं तर भूल उतरल्यावर भ्रम वाढू शकतो, नाही केलं तर अंथरुणाला खिळतील, मग शय्याव्रण, न्यूमोनिया, असं त्यांनी सांगितलं. ताई फोनवर म्हणाली, कर. मी सही केली. आईला विचारलं नाही. हे लिहायला जड जातंय.

विचारलं असतं तर तिने आठवण दिली असती. आजी शेवटच्या आजारात असताना बाबाच म्हणाले होते, "आता तिला सुया टोचू नका." ते आजीबद्दल होतं की स्वतःबद्दलही? २०१८ मध्ये न्यायालयाने शेवटच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवायला मान्यता दिली, २०२३ मध्ये नोटरीचाही पर्याय देऊन प्रक्रिया सोपी केली. पण तोपर्यंत बाबांना वारही सांगता येत नव्हते.

ऑपरेशन झालं. दोन रात्री ते आम्हाला बँकेवर आलेले दरोडेखोर समजत होते. तिसऱ्या दिवशी रक्त चढवायचा फॉर्म आला. या वेळी मी तो आईकडे दिला. तिने पेन घेतलं, बाबांच्या उशाशी बसली आणि तिसरीतल्या मुलाला समजवावं तसं त्यांना सगळं सांगितलं. दोनदा. मग विचारलं, "करू का सही?"

बाबांनी कागद हातात घेतला. चष्मा मागितला. फाईलमधला माझ्या सहीचा जुना फॉर्म शेजारी होता, तोही ओढून घेतला. बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले.

"नमुना कार्ड आण," म्हणाले.