व्हिसल, शीळ आणि शिटी

एका इंग्रजी वाक्याचें भाषांतर करतांना मूल येथील एका विद्यार्थ्यानें ‘वाऱ्यानें शिटी वाजविली’ असें लिहिलें, तेव्हां वर्गाबरोबर मीही हंसलों. परंतु ‘व्हिसल’ म्हणजे शिटी हें तर आम्हींच त्यास शिकविलेलें. मग त्याचें चुकलें कोठें? उत्तरासाठीं त्या शब्दाच्या इतिहासाकडे वळावें लागलें.

जुन्या इंग्रजींत हें नांव पाव्याचें होतें. चौदाव्या शतकांत चॉसरनें तें विनोदानें माणसाच्या घशास लाविलें. ‘व्हिसल ओली करणें’ म्हणजे मद्य पिणें, हा वाक्प्रचार अद्याप रूढ आहे. पुढें वाफेचें इंजिन आलें, त्याच्या आवाजासही तोच शब्द मिळाला. वारा, बंदुकीची गोळी, पक्षी, सारीं इंग्रजींत ‘व्हिसल’च करतात. आवाज बारीक व तीक्ष्ण असला म्हणजे झालें. तो कोण काढतो याची चौकशी ती भाषा करीत नाहीं.

मराठी ती आधीं करते. ओठांतून निघते ती शीळ, उपकरणांतून निघते ती शिटी. वारा घोंगावतो, गोळी सणसणत जाते. तरुण मंडळी तोंडानेंही शिटी वाजवितात हें खरें. पण 1853 सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली, तिच्या इंजिनाच्या वांट्यास शिटीच आली, आणि आज स्वयंपाकघरांत कुकरच्याही शिट्याच मोजल्या जातात.

मूलच्या परिसरांत या साऱ्यांची गांठ पडते. गांवाला रेल्वेचें स्टेशन आहे आणि ताडोबा-अंधारीचें अरण्य जवळ आहे. पांगलेला कळप जुळविण्यासाठीं रानकुत्रे जी बारीक हांक देतात, तिच्यावरून इंग्रजांनीं त्यांना ‘व्हिसलिंग डॉग’ म्हटलें. तलावावरील एका बदकाच्या आवाजावरून तेंच विशेषण त्याच्याही नांवास जोडलें. आपण त्यास अडई म्हणतों.

म्हणजे विद्यार्थ्याच्या कानाचा दोष नव्हता. कानापेक्षां प्रतिशब्दावर अधिक विश्वास ठेवण्याची आमची शिकवण सदोष होती. दुसऱ्या दिवशीं मी त्यास म्हटलें, “शब्द शोधण्यापूर्वीं तो आवाज आठव.” त्यानें लिहिलें, ‘रानांत वारा घोंगावत होता.’ आदल्या दिवशींच्या हंसण्याचें प्रायश्चित्त म्हणून तें वाक्य मी फळ्यावर लिहून काढलें.