काळ्यावरचे पांढरे

लिहिण्याला आपण ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणतो. छपाईचे एक जुने गृहीतक त्यात दडले आहे. पांढरा रंग कागदाकडून फुकट मिळतो, छापायचे असते ते काळे. काळ्या टी-शर्टवर छटा दिलेली बारीक अक्षरे छापायला घेतली की हे गृहीतक उलटते. तिथे पांढरा कमवावा लागतो. माणसाने तो तीन वाटांनी कमवला.

पहिली वाट रंग चढूच न देण्याची. जपानच्या इसे भागात, आजच्या सुझुका शहराच्या परिसरात, तुतीच्या सालीच्या कागदाला कच्च्या पर्सिमन फळाचा रस देऊन त्यावर छाप कोरत. छापातून तांदळाची खळ कापडावर ओढायची आणि मग कापड रंगवायचे. खळ धुतली की तिच्याखालचे पांढरे उघडे पडे. एदो काळातील सामुराईंच्या पोशाखावरचे ‘कोमोन’ ठिपके इतके बारीक असत की दुरून कापड एकरंगी भासे. कोरताना सुटी होणारी बेटे जागेवर राहावीत म्हणून छापाला रेशमी धाग्यांचा आधार देत. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये हे काम संपूर्ण जाळीच करते. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी रेशमी जाळीचे पेटंट घेतले ते १९०७ साली.

दुसरी वाट चढलेला रंग काढण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्लासगोजवळ हेन्री माँटीथ यांच्या कारखान्यात पक्क्या तांबड्या रुमालांची थप्पी शिशाच्या पत्र्यांमध्ये दाबत आणि पत्र्यांच्या छिद्रांतून रंग उडवणारा द्रव सोडत. द्रव पोहोचे तेवढे पांढरे होई. नक्कल होती हिंदुस्थानी बांधणीच्या रुमालांची. ‘बँडाना’ हा शब्दही ‘बांधणे’च्याच कुळातला. आजची डिस्चार्ज शाई याच तत्त्वावर चालते. तिने छापलेले कापड मऊ राहते, पण पॉलिएस्टरवर तिचे काही चालत नाही. सुती कापडावरही रंग किती उडेल हे त्या रंगावर अवलंबून असते.

तिसरी वाट पांढरा वर ठेवण्याची, आणि टी-शर्टच्या धंद्यात तीच रुळली. टायटॅनियम डायऑक्साइड घातलेली दाट प्लास्टिसॉल शाई आधी छापायची, उष्णतेने वरवर सुकवायची, मग तिच्यावर रंग. अखेरीस सारे सुमारे १६० अंश सेल्सिअसला पक्के करायचे. दोन्ही थर नेमके एकावर एक बसायला हवेत. अमेरिकेत मायकेल व्हॅसिलंटोन यांच्या फिरत्या यंत्राने हे सोपे केले. शर्ट पाटावरून न हलवता त्यावर एकामागून एक जाळी येऊ लागली. या यंत्राचे पेटंट १९६९चे. तरीही खालचा पांढरा किंचित आखूडच ठेवतात, नाहीतर तो रंगाच्या कडेने डोकावतो.

आता छटा. शाई स्वतः फिकट किंवा गडद होत नाही. लहान-मोठे ठिपके तसा भास घडवतात. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५२च्या पेटंटमध्ये छायाचित्राच्या छटा फोडण्यासाठी विरळ विणीचे कापड सुचवले होते. कापडाच्या विणीतून आलेली ही युक्ती फिरून कापडावरच उतरली. पण कापडावर इंचाला साधारण ५५ ओळींपलीकडे ठिपके नेणे कठीण जाते. एक मिलिमीटर जाडीच्या रेघेत त्यामुळे जेमतेम दोनच ठिपके मावतात. दोन ठिपक्यांत कसली छटा? रेघेची कड तेवढी करवतीसारखी होते.

रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीचे यात अधिक नुकसान होते. शाई पसरून ‘व’चे पोट भरले की ‘बळ’ आणि ‘वळ’ सारखेच दिसतात. आखूड केलेल्या पांढऱ्या थरात अनुस्वाराचा ठिपका हरवला की ‘वंदन’चे ‘वदन’ होते. उत्सवात कार्यकर्त्यांच्या पाठीवर मंडळाचे नाव ठळक उमटते आणि त्याखालची बारीक ओळ पुसट राहते, ती बहुधा याच कारणाने. वर्गणी देणाऱ्याचे किंवा ज्याच्या स्मरणार्थ शर्ट काढले त्याचे नाव मात्र त्याच ओळीत असते.

उपाय कोमोनच्या कारागिरांच्या कामात दिसतो. त्यांचा प्रत्येक ठिपका भरीव पांढरा असे. छटा साऱ्या कापडाची मिळून होई. बारीक अक्षरही तसेच भरीव पांढरे ठेवावे, त्यातली पोकळी थोडी मोकळी करावी आणि छटा द्यायचीच तर ती मागच्या मोठ्या आकाराला द्यावी. शोभा थोडी कमी होईल, पण नाव वाचता येईल.